पुणे ते पिरेअस आणि पुढे: लहान जहाजातले सात दिवस

२१ ते २८ सप्टेंबर २०२४ या आठवड्यात मी आणि माझी ताई ग्रीसच्या बेटांमधून एका लहान जहाजानं फिरून आलो. बावीस केबिन, एक्केचाळीस प्रवासी, सोबत एक गाइड. ताई सहासष्ट वर्षांची, मी एकसष्ट. तिनं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मी बँकेत होते. याआधी परदेशी गेलो ते मुलांकडे किंवा मराठी सहल कंपनीबरोबर. सगळे कागद आपण जमवायचे, पैसे आपण पाठवायचे, काही अडलं तर आपणच निस्तरायचं, हे पहिल्यांदाच केलं. निघण्याआधी असा अनुभव मराठीत वाचायला मिळावा म्हणून पुष्कळ शोधाशोध केली होती. आता स्वतःच क्रमानं लिहिते आहे, खर्चासकट.

लहान जहाजच का, हे आधी सांगते. मोठ्या क्रूझवर दोन-तीन हजार माणसं असतात आणि ती जहाजं छोट्या बंदरांत शिरूच शकत नाहीत. फेरीबोटीनं बेटं करायची तर दर दोन दिवसांनी बॅग भरायची, धक्क्यावर उभं राहायचं, पुन्हा हॉटेल शोधायचं. ताईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. लहान जहाजात बॅग एकदाच उघडायची आणि रोज सकाळी नव्या गावात उतरायचं. शिवाय गाइड आठवडाभर तीच.

फेब्रुवारीत ईमेलवरून थेट बुकिंग केलं. सर्वांत खालच्या डेकवरची केबिन घेतली, माणशी १,९५० युरो, बंदराचे आकार धरून. पंचवीस टक्के लगेच, उरलेले निघण्याच्या नव्वद दिवस आधी. पैसे बँकेतून पाठवले. त्यासाठी ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) आणि पॅन लागतं, आणि परदेशी सहलीच्या पॅकेजवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तेव्हाच्या नियमानं सात लाखांपर्यंत पाच टक्के होता, म्हणजे पावणेदोन लाखांवर माणशी पावणेनऊ हजार. हे पैसे बुडत नाहीत, तेव्हा ते फॉर्म २६एएस या आयकराच्या नोंदीत दिसले आणि रिटर्न भरताना वळते झाले. आम्हाला दोघींना ते परत मिळाले. दोघींनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर रक्कम पाठवावी. एकीनं दोघींचे पाठवले की पुढे हिशेब गुंततो.

मग लक्षात आलं की ताईचा पासपोर्ट २ नोव्हेंबरला संपतो आहे. ग्रीसला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू लागतो. मार्चमध्ये नूतनीकरणाला टाकला. साध्या अर्जाचे पंधराशे रुपये भरले आणि पोलीस तपासणी होऊन एप्रिलअखेर नवा पासपोर्ट घरी आला. त्यातून दुसरी गाठ समोर आली. पासपोर्टवर ताईचं सासरचं आडनाव, तर पेन्शनच्या खात्यावर माहेरचं, कारण नोकरीला लागली तेव्हाचंच नाव शेवटपर्यंत राहिलं. आपल्याकडे तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचं असं असेल. लग्नाचा दाखला, शिवाय ‘ही दोन्ही नावं माझीच’ असं शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर, एवढं जोडलं. व्हिसा केंद्रावर त्याबद्दल एक प्रश्न आला, कागद दाखवले, विषय संपला.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण पासपोर्टमुळे आमचं लांबलं आणि मुंबईची वेळ मिळाली ती ९ जुलैची. म्हणजे जहाजाचे सगळे पैसे जूनमध्येच गेले होते आणि व्हिसाचा पत्ता नव्हता. हे मनावर फार होतं. सहल रद्द झाली तर परत काही मिळणार नव्हतं. तुमचा पासपोर्ट ठीक असेल तर हा धोका पत्करू नका, बाकी रक्कम भरायच्या तारखेआधीच अर्ज करा.

कागद सगळे ठाऊक असलेलेच: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शाखेच्या शिक्क्यासह, तीन वर्षांची रिटर्न्स, पेन्शनचा पुरावा, विमानाचं आरक्षण, किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो आणि कशासाठी चाललो ते सांगणारं पत्र. व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून ८० युरोंवरून ९० झालं होतं. केंद्राचा आकार आणि कुरियर धरून माणशी अकरा हजार लागले.

अडलं ते भलतीकडेच. रात्रीचा मुक्काम रोज कुठे आहे, हे अर्जात दाखवावं लागतं. जहाज कंपनीच्या पत्रात माझं नाव होतं आणि पुढे नुसतं ‘दोन प्रवासी’. खिडकीतली मुलगी शांतपणे म्हणाली, “काकू, यात दुसऱ्या मॅडमचं नावच नाही. आणि जहाज कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात, तेही नाही.” त्या दिवशी ग्रीसमधून उत्तर येणं शक्य नव्हतं. पुन्हा वेळ घेतली, १६ जुलैला परत मुंबई गाठली. तुम्ही जाणार असाल तर हे पत्र बुकिंग होताच मागून घ्या: प्रत्येक प्रवाशाचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, केबिन, तारीखवार बंदरं. जहाजात चढण्याआधीच्या आणि उतरल्यानंतरच्या रात्रींचं हॉटेलही हवं. आणि जहाज तुर्कस्तानच्या बंदराला लागणार असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर पडून परत आत येता, म्हणजे मल्टिपल एंट्री हवी आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा.

बोटांच्या ठशांना ताईला तीन वेळा बसवलं. वयानं आणि जन्मभर खडू हाताळल्यानं तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. तिथल्या एका बाईंनी ओल्या रुमालानं बोटं पुसून दिली, जरा दाबून धरली, तेव्हा कुठे ठसे उमटले. जायच्या आधी आठवडाभर रोज रात्री हातांना खोबरेल लावलं असतं तर त्रास कमी झाला असता असं त्याच म्हणाल्या.

मग तीन आठवडे काही नाही. आम्ही दोघी रोज सकाळी फोनवर एकच प्रश्न विचारायचो. ६ ऑगस्टला पासपोर्ट आले. १९ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, एक प्रवेश, अकरा दिवस मुक्काम. ताईनं व्हिसाचं पान उघडलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, आमचं विमान १९च्या पहाटे मुंबईहून. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली की पितृपक्षात कसल्या सहली काढता. दादानं ती थांबवली. “आप्पांचा पक्ष मी करतो. तुम्ही जा. आप्पांना आवडलं असतं.” आप्पा म्हणजे आमचे वडील. घरातला जुना नकाशांचा संग्रह त्यांचाच, ताईला इतिहासाचं वेड लावलं तेही त्यांनीच.

बॅगा कापडी घेतल्या. केबिनमध्ये पलंगाखाली मऊ बॅग दुमडून सरकवता येते, कडक सुटकेस पाय ठेवायच्या जागेत उभी राहते. रबरी तळाचे बूट, चर्चसाठी लांब स्कर्ट आणि ओढणी, मेतकूट, खाकरा, लिंबाचं लोणचं, भरपूर आलेपाक. तूप आणि पेढे घरीच ठेवले, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे.

अथेन्समध्ये विमानतळावरून मेट्रोनं शहरात आलो, तिकीट नऊ युरो. हॉटेल अ‍ॅक्रोपोलिस मेट्रो स्टेशनजवळ. खोलीच्या भाड्याशिवाय तिथे रोजचा एक सरकारी कर काउंटरवर वेगळा भरावा लागतो, आमच्या तीन तारांकित हॉटेलला दर रात्री तीन युरो होता. दुसऱ्या दिवशी, टेकडीवरची प्राचीन मंदिरं पाहायला, सकाळी आठच्या वेळेचं अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट आधीच ऑनलाइन काढलं होतं, वीस युरो. एप्रिल २०२५ पासून ते तीस झालं आहे. वेळ ठरलेली असते, उशीर करू नका, आणि उन्हाच्या आत उतरून या.

२१ तारखेला दुपारी पिरेअस या अथेन्सच्या बंदरात, मरीना झेआ धक्क्यावर जहाज पाहिलं. पांढरं, शिडाच्या डोलकाठ्या असलेलं, लांबी अठ्ठेचाळीस मीटर. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये एक अरुंद फळी. खाली हिरवट पाणी हलत होतं आणि फळीही हलत होती. मला पाण्याची पहिल्यापासून भीती. लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना दोर सुटला होता, तेव्हापासून मी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेले नव्हते. मी फळीशी थांबले. पलीकडून एका खलाशानं हात पुढे केला. नुसता तळवा पुढे न करता त्यानं माझं मनगट धरलं, आणि मलाही त्याचं मनगट धरायला लावलं. नुसता हात हातात असला तर घामानं निसटतो, मनगटाला मनगट धरलं तर सुटत नाही. आठवडाभर मी तशीच चढले-उतरले.

पासपोर्ट जहाजावर जमा झाले, लाइफजॅकेट घालून धोक्याच्या भोंग्याची रंगीत तालीम झाली. संध्याकाळी सुनियनच्या टोकाखाली नांगर टाकला. वर कड्यावर पोसायडन या समुद्रदेवाचं मंदिर, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं, उतरत्या उन्हात खांब मधासारखे पिवळे. अथेन्सकडे परतणाऱ्या खलाशांना घर जवळ आल्याची ही खूण होती, असं गाइड म्हणाली.

रात्री समुद्र हलू लागला. आम्ही जेवणाआधीच गोळी घेतली होती (डॉक्टरांना विचारून, कारण ताईला रक्तदाब आहे) आणि आलेपाक चघळत होतो. खालची, मधल्या भागातली केबिन स्वस्त असते आणि तीच सर्वांत कमी डुलते. वरच्या महागड्या केबिनमधल्यांची रात्र आमच्यापेक्षा वाईट गेली. आमच्या गोल खिडकीवर लाट आपटली की काचेबाहेर सगळं फेसाळ हिरवं व्हायचं आणि मी ताईचा हात धरून पडून राहायचे.

रविवारी सकाळी जागे झालो ते सिरोस बेटावर. ठरलं होतं देलोस आणि मिकोनोस. नाश्त्याच्या वेळी गाइडनं समुद्राचा नकाशा टेबलावर पसरला. या समुद्रावर उन्हाळाभर उत्तरेचा कोरडा वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. आकाश निळंभोर, ढगाचं नाव नाही, आणि वारा असा की डेकवर चहाचा कप ठेवता येत नाही. सप्टेंबरअखेर तो ओसरतो, पण त्या आठवड्यात तसाच वारा परत आला होता. सोमवारी सात ब्यूफर्ट, म्हणजे ताशी पन्नास ते साठ किलोमीटर. त्यापुढे गेला की बंदराचे अधिकारी फेरीबोटीसुद्धा रोखतात. आपलं जहाज निघणार नाही, असं कॅप्टननं सांगितलं.

सिरोसची राजधानी एर्मूपोली. १८२१च्या स्वातंत्र्ययुद्धात खिऑस, प्सारा अशा बेटांवरून जीव वाचवून आलेल्या लोकांनी वसवलेलं हे गाव, आणि काही दशकांत ते ग्रीसचं पहिल्या क्रमांकाचं बंदर झालं. संगमरवरी फरशीचा चौक, १८६४ सालचं अपोलो नाट्यगृह. निर्वासितांनी नाट्यगृह बांधलं या एका गोष्टीवर ताई दिवसभर बोलत होती.

सोमवारी मोठी फेरीबोट चालू होती. ज्यांना हवं त्यांना गाइड पलीकडच्या तिनोस बेटावर घेऊन गेली, अर्ध्या तासाचं अंतर. आम्ही गेलो. त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तिनोसला बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत सरळ चढता रस्ता जातो. १८२३ मध्ये इथे जमिनीत मेरीमातेची एक प्रतिमा सापडली, तिच्यासाठी हे चर्च बांधलं. १५ ऑगस्टला इथे सगळ्या ग्रीसमधून माणसं येतात. रस्त्याच्या कडेला गटाराच्या झाकणांना लागून एक गालिच्याची पट्टी वरपर्यंत अंथरलेली आहे. ती कशासाठी हे विचारायच्या आतच उत्तर दिसलं. साधारण चाळिशीची बाई, काळा ब्लाउज, गुडघ्यांना फडकी गुंडाळलेली, त्या पट्टीवरून रांगत वर चालली होती. तळवा टेकायचा, गुडघा सरकवायचा, थांबायचं. बाजूनं गाड्या जात होत्या, वाऱ्यानं दुकानांबाहेरच्या पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या एकमेकींवर आपटत होत्या. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा एका हातात तिचे बूट आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन तिच्या वेगानं चालत होता. ती थांबली की तो थांबायचा. गालिचा जिथे जिथे विरला होता तिथे ती तळवा टेकण्याआधी जरा चाचपायची.

ताई जागीच उभी राहिली आणि तिनं हात जोडले. आमच्या आजीनं दादाच्या आजारपणात जोतिबाला लोटांगण घातलं होतं, ते ताईनं पाहिलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होते. ती बाई आमच्यापाशी आली तेव्हा तिनं मान वर करून ताईकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. दोघींपैकी कुणी एक शब्दही बोललं नाही.

चर्चमध्ये छतापासून शेकडो चांदीचे दिवे लटकलेले, आणि प्रत्येक दिव्याखाली नवसाची वस्तू: जहाज, पाय, डोळे, पाळणा. चांदीचे डोळे आणि पाळणा आपण कितीतरी देवळांत पाहतो. ताईनं आप्पांसाठी एक बारीक मेणबत्ती लावली. पक्षाच्या दिवसांत एवढं करता आलं याचं तिला समाधान वाटलं, मलाही.

मंगळवारी वारा उतरला आणि आम्ही देलोसला पोचलो. बेटावर झाडं जवळजवळ नाहीत, सावली नाही, राहायची सोय नाही. टोपी आणि दोन बाटल्या पाणी घेतल्याशिवाय जाऊ नका. अपोलो या ग्रीक देवाचं हे जन्मस्थान. इसवी सनपूर्व ४२६ मध्ये अथेन्सनं इथल्या कबरी हलवल्या आणि ठरवलं की या बेटावर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायकांना आणि अत्यवस्थ माणसांना शेजारच्या रिनीआ बेटावर नेत. नंतर इसवी सनपूर्व १६६ च्या सुमाराला रोमनांनी इथलं बंदर जकातमुक्त केलं, तेव्हा सीरिया, इजिप्त, इटलीचे व्यापारी इथे येऊन राहिले आणि आपापले देव घेऊन आले. इसिस या इजिप्तच्या देवीचं देऊळ आजही उभं आहे. गुलामांचा मोठा बाजारही इथेच भरायचा, हे गाइडनं आवाज खाली आणून सांगितलं आणि थोडा वेळ ती काही बोलली नाही.

एका घराच्या उंबऱ्याशी ताई खाली बसली. संगमरवराचा उंबरा मध्यभागी पायांनी झिजून बशीसारखा खोलगट झाला होता आणि कडेला दाराची खुंटी फिरायची ती गोल खळगी होती, आतून गुळगुळीत. तिनं त्यात बोट घालून फिरवलं. “आपल्या वाड्याच्या दिंडीदाराला अशीच होती बघ.” गाइड थांबून बघत होती. ताईनं तिला विचारलं, इथल्या देवळांना बाहेरच्या व्यापाऱ्यांनी दानं दिली, त्यांची नावं कोरलेली आहेत का? आहेत म्हटल्यावर ताईनं कार्ल्याच्या लेण्यांबद्दल सांगितलं: तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत, नाशिकला आणि जुन्नरलाही यवनांची दानं आहेत. यवन हा शब्द मुळात आयोनियावरून आलेला, म्हणजे ग्रीकांवरून. ताईचं इंग्रजी शाळेतलं, सावकाश, पण त्या दिवशी तिला एकाही शब्दाला अडखळावं लागलं नाही. गाइडनं वही काढून ‘कार्ला’ लिहून घेतलं.

ग्रीसमध्ये पुरातन स्थळांवर माहिती सांगायला सरकारी परवाना लागतो, गळ्यात बिल्ला असतो. एकाच जाणत्या माणसाबरोबर सात दिवस काढणं आणि रोज नव्या स्थानिक गाइडमागे धावणं, यात फार फरक आहे. आमच्या पैशांचं खरं चीज इथे झालं असं मला वाटतं.

बुधवारी नाक्सोस. बंदराच्या तोंडाशी संगमरवराची एक प्रचंड चौकट एकटी उभी आहे, इसवी सनपूर्व सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या अपोलो मंदिराची. तिच्यातून मावळता सूर्य पाहून परत आलो आणि गाइडनं सांगितलं की सांतोरीनी रद्द.

कारण ऐकून घेण्यासारखं आहे. नाक्सोसहून सांतोरीनी दक्षिणेला. उत्तरेचा वारा पाठीशी घेऊन तिकडे जाणं सोपं. पण शुक्रवारी वारा पुन्हा वाढणार होता, आणि तिथून पिरेअसला परतायचं म्हणजे त्याच वाऱ्याच्या तोंडाला रात्रभर जहाज घालायचं. शनिवारी सकाळी पिरेअसला पोचणं भाग, कारण दुपारी पुढचे प्रवासी चढणार. जेवणाच्या टेबलांवर आवाज चढले. काहींनी पैसे परत मागितले. पण हवामानामुळे मार्ग बदलण्याचा अधिकार कॅप्टनचा आणि त्याबद्दल परतावा नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी फेब्रुवारीत ते कलम वाचलं होतं, ताईला वाचूनही दाखवलं होतं.

तरी ताई त्या रात्री जेवली नाही. तिला सांतोरीनीची निळी घुमटं नको होती. तिला अक्रोतिरी पाहायचं होतं: इसवी सनपूर्व १६००च्या सुमाराला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं आणि १९६७ पासून उकरून काढलेलं गाव, जिथे माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, कारण लोक आधीच निघून गेले होते. कितीतरी वर्षं तिनं ते मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. ती हळहळ अजून आहे, ती इतर कशानं भरून निघाली असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या मनात एकच बेट आहे, त्यांनी लहान जहाजाच्या नादी लागू नये. अथेन्सहून मोठ्या फेरीनं किंवा विमानानं जाऊन तिथे तीन रात्री राहावं.

गुरुवारी सिफनोस. आम्ही दोघी शाकाहारी, आणि खाण्याबद्दल मला सगळ्यांनी घाबरवलं होतं. तसं काही झालं नाही. ग्रीक लोकांचे उपासाचे दिवस खूप, त्या दिवसांत ते मांस, दूध, अंडी सोडतात. त्या जेवणाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. हा एक शब्द पाठ करून जा. मात्र त्यात कोळंबी, कालवं, ऑक्टोपस चालतात, म्हणून ‘समुद्रातलं काही नको’ हे वेगळं सांगावं लागतं. भरलेले टोमॅटो, पालक भरलेली पेस्ट्री, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ रोज मिळायची. सिफनोसची खासियत रेविथादा: काबुली चणे, कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्ह तेल मातीच्या भांड्यात घालून शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चहून आल्यावर खातात. आम्हाला गुरुवारीही मिळालं. चणे इतके मऊ की जिभेनं चुरावेत. ताईनं वरून लिंबू पिळलं, खिशातलं मेतकूट भुरभुरलं आणि दोन वाट्या खाल्लं. आदल्या रात्रीपासूनचं तिचं ते पहिलं जेवण. मला हायसं वाटलं.

शुक्रवारी दुपारी वारा वाढायच्या आत किथनोसच्या कोलोना किनाऱ्याशी नांगर पडला. दोन्हीकडे समुद्र आणि मधून एका लहानग्या बेटाकडे जाणारी वाळूची पट्टी. जहाजाच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरायची शिडी लावली. सगळे उड्या मारत होते. मी लाइफजॅकेट घालून सर्वांत खालच्या पायरीवर बसले, पाणी कमरेपर्यंत. तोच खलाशी आधीच पाण्यात होता. त्यानं पुन्हा मनगट पुढे केलं. मी पायरी सोडली. पाणी गार होतं आणि खाली वाळूवर जहाजाची सावली दिसत होती, इतकं स्वच्छ. सात-आठ मिनिटं असेन. वर डेकवरून ताई माझं नाव घेऊन ओरडत होती, लहानपणी विहिरीच्या काठावरून ओरडली होती तसंच.

२८ला सकाळी नऊच्या आत उतरायचं होतं. बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवल्या. कर्मचाऱ्यांसाठी एक बंद पाकीट असतं, आम्हाला माणशी रोज दहा युरो सुचवले होते, तेवढे घातले. पासपोर्ट परत मिळाले. अथेन्समध्ये एक रात्र आणि २९ला परतीचं विमान. माणशी हिशेब असा: जहाज पावणेदोन लाख, विमान ५८ हजार, व्हिसा ११ हजार, विमा २,२००, अथेन्सच्या तीन रात्रींचा अर्धा वाटा १३ हजार, जहाजावरचं पाकीट साडेसहा हजार, बाहेरची जेवणं, तिकिटं, फेरी, बस मिळून २३ हजार. एकंदर दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास, टीसीएस सोडून.

जानेवारीत आम्ही दोघी कार्ल्याला गेलो. एकवीरेचं दर्शन घेतलं आणि चैत्यगृहात शिरलो. ताई टॉर्च तिरका धरून एकेका खांबापाशी थांबत होती, सरळ उजेडात ती अक्षरं दिसत नाहीत. तिसऱ्या की चौथ्या खांबावर तिला हवा तो लेख सापडला. मी फोटो काढला आणि तिथूनच गाइडला पाठवला. रात्री तिचं उत्तर आलं, यातला आमचा शब्द कुठला? ताईनं चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि बोटानं त्या तीन अक्षरांभोवती गोल काढून परत पाठवला.